उभ्या गाडीची भूक

धांवणाऱ्या गाडीला इंधन लागतें हें आम्हांस ठाऊक होतें. उभ्या गाडीलाही कांहीं लागतें, हें कळण्यास मात्र आमच्या आयुष्याचीं पंचावन्न वर्षें जावीं लागलीं. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत जन्म घालविलेल्या मनुष्यास विद्युच्छास्त्राचा गंध नसला तर नवल नाहीं. परंतु या प्रकरणांत आमचें जें अज्ञान उघडें पडलें, तें केवळ विद्युच्छास्त्राचें नव्हतें. म्हणूनच तें वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

आम्ही नायगांवांत राहतों. १९२० नंतरच्या काळांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळी येथून हाकेच्या अंतरावर; त्यांतल्या कांहीं पाडून आतां त्या जागीं मनोरे उठत आहेत. ज्या भागांत माणसांनाच जागा अपुरी, तेथें मोटारीस ती कोठून मिळणार? आमची गाडी गल्लींत भिंतीला अंग लावून उभी असते आणि तिच्या शेजारींच मुलांचें क्रिकेट चालतें. एके दिवशीं तिच्या दारास पोचा पडलेला दिसला. चेंडूनें पडला कीं दुसऱ्या एखाद्या वाहनानें, हें सांगण्यास साक्षीदार नव्हता. आम्हीं तो मुलांच्या खात्यावर मांडला आणि पुढल्या कांचेवर एक लहानसा कॅमेरा बसवून घेतला. गाडी उभी असतांनाही तो रात्रंदिवस पहारा करील, असें विकणाऱ्यानें सांगितलें. त्याचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें.

पुढल्याच महिन्यांत गाडीची बॅटरी उतरूं लागली. आठवड्यांतून एखाद्या वेळीं गाडी काढणारे आम्ही. किल्ली फिरवावी, तर नुसती टक् टक्. आमचें निदान तयार होतें. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी आली, तेव्हां गल्लींतल्या कितीतरी गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहून अशाच मुक्या झाल्या होत्या. तेव्हां हा आळसाचा रोग, आणि त्यांत बॅटरी जुनी! आम्हीं नवी आणली. पांचव्या दिवशीं तीही उतरली. मग आमचा संशय दुकानदाराकडे वळला. आमच्या संशयाला वळण्यास जागा कधीं कमी पडली नाहीं.

श्रावणांतल्या एका पहांटे आईला श्वास लागला. तिला धरून खालीं आणलें, गाडींत बसविलें आणि किल्ली फिरविली. सेल्फनें दाद दिली नाहीं. आंतले दिवेसुद्धां मंद झाले. पाऊस कोसळत होता. हिंदमातेला पाणी सांचलें असेल या भीतीनें टॅक्सीवाला येईना. आमची हांक ऐकून जीं धांवत आलीं, तीं तींच क्रिकेटचीं मुलें. "काका, दुसरा गिअर टाका. क्लच दाबून धरा. आम्ही ओरडलों कीं सोडा." घोटाभर पाण्यांतून त्यांनीं गाडी ढकलली. तिसऱ्या खेपेस इंजिन चालू झालें. वडाळ्याच्या बाजूनें वळसा घेऊन आम्ही रुग्णालय गांठलें. आई चार दिवसांनीं घरीं आली. आणखी अर्धा तास गेला असता तर काय झालें असतें, हें डॉक्टरांस विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

त्या मुलांतला एकजण आय. टी. आय. मध्यें वीजतंत्रीचें काम शिकत होता. पुढल्या रविवारीं बॅटरी भरून घेतल्यावर तो मल्टिमीटर घेऊन आला. बॅटरीच्या ऋण टोकावरची तार सोडवून त्यानें तार व टोक यांच्यामध्यें मीटर जोडला, म्हणजे बंद गाडी जी वीज खाते ती सारी मीटरांतून जावी. दारें लावलीं, किल्ली वर घरांत पाठविली. आम्ही लागलीच आंकडा टिपूं लागलों, तर म्हणाला, "थांबा काका, आधीं गाडीला झोंपूं द्या." आजच्या गाडींतलीं संगणकयंत्रें ती बंद केल्यावरही कांहीं वेळ जागीं असतात; तीं निजल्यावांचून मोजणी खरी येत नाहीं. अर्ध्या तासानें आंकडा स्थिरावला: ०.३८ अँपिअर. निरोगी गाडी सहसा ०.०५ च्या आंत राहते. पुढलें गणित आम्हांसही येण्यासारखें होतें. चोवीस तासांत नऊ अँपिअर-तास खर्च, आणि बॅटरी ४५ ची! पांच दिवसांत ती रिकामी व्हावयाची. सेल्फ फिरविण्याचें बळ तर त्यापूर्वींच जावयाचें.

मग तो एकेक फ्यूज काढून पाहूं लागला. रेडिओचा काढला, आंकडा ढळला नाहीं. आंतल्या दिव्यांचा काढला, तरी नाहीं. त्यापुढचा एक काढतांच मीटर ०.०३ वर उतरला. त्या फ्यूजला एक बारीक तार जोडलेली होती. बोटानें माग काढीत तो ती तार अस्तराखालून, छताच्या कडेनें वर घेऊन गेला, आणि ती आमच्या पहारेकऱ्यापाशीं जाऊन थांबली. कॅमेरा कशासाठीं बसविला होता, हें त्यानें विचारलें नाहीं. त्यास ठाऊक असावें.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. किल्ली फिरविल्यावरच ज्यांत वीज येते, अशा फ्यूजला त्यानें ती तार जोडली. आतां कॅमेरा गाडीबरोबर जागतो आणि गाडीबरोबर निजतो. त्यानंतर एकदां मुद्दाम आठवडाभर गाडी उभी ठेविली. पहिल्याच किल्लीस ती चालू झाली.

शिशाची, पुन्हां भरतां येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ मध्यें सिद्ध केली, आणि केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला. त्यापूर्वीं मोटार चालू करावयाची म्हणजे दांडा फिरविणाऱ्याच्या मनगटांत जोर लागे. आमच्या गाडीनें त्या पहांटे जुन्याच रीतीनें माणसाच्या बळाचा आश्रय घेतला. चालत्या गाडीची बॅटरी चालण्यानें भरत असते. तिला दमविलें तें कामानें नव्हे, उभ्याउभ्या केलेल्या जागरणानें. तें जागरण आम्हींच तिच्या माथीं मारलें होतें.

कॅमेऱ्यानें टिपलेलीं चित्रें आम्हीं एका संध्याकाळीं पाहिलीं. मुलांनीं यष्ट्या उलट बाजूस मांडल्या होत्या, म्हणजे फटका गाडीकडे येऊं नये. चेंडू गाडीखालीं गेला, तर एकजण पालथा पडून हातानेंच काढी. पोचा अजून आहे. तो कोणी पाडला, हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं. आणि आतां विचारावयाचेंही नाहीं.