एका ओळीतला पेच

नवे पटकथालेखक गोष्ट ऐकवायला बसले की सुरुवात बहुतेक वेळा ठरलेली असते: ‘ही एका नात्याची गोष्ट आहे.’ समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या मिनिटाला विसरून जातो. मला अशा वेळी हळहळ वाटते, कारण गोष्ट बऱ्याचदा चांगली असते. ती फक्त त्या एका ओळीपर्यंत, लॉगलाइनपर्यंत, पोचलेली नसते.

‘श्वास’ घ्या. संदीप सावंत यांचा 2004 मध्ये आलेला चित्रपट. ‘श्यामची आई’नंतर पन्नासेक वर्षांनी मराठीत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ आलं ते याच्यामुळे. त्याची लॉगलाइन लिहायला घेतली तर हाताला आधी लागते ती अशी: ‘आजोबा-नातवाच्या जिव्हाळ्याची हृदयस्पर्शी कहाणी.’ यात खोटं काही नाही, पण घडतही काही नाही. ‘हृदयस्पर्शी’ तर आधी खोडावं. काळीज हलायचं की नाही, हे प्रेक्षकाला ठरवू द्यावं.

मग दुसरा खर्डा: ‘कोकणातला एक म्हातारा डोळ्यांच्या दुखण्यासाठी नातवाला शहरात आणतो आणि त्याला कॅन्सर असल्याचं कळतं.’ माणूस आला, संकट आलं. तरी ही ओळ आजाराचीच झाली, आजोबांची नाही. आजाराला इलाज असला तर प्रश्न मिटतो, नसला तर रडणं उरतं. ‘श्वास’चा पेच इलाजातच आहे. ऑपरेशन केलं तर पोर जगेल, पण त्याला पुन्हा कधी दिसणार नाही. होकार द्यावा तरी जीव तुटतो, नकार द्यावा तरी पोर हातचं जातं. शिवाय ज्याचे डोळे जाणार त्या परशाला हे सांगायचं कुणी?

तिसरा खर्डा: ‘नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार हे कळल्यावर कोकणातला एक आजोबा, ऑपरेशनआधी जग डोळे भरून दाखवायला, त्याला कुणालाही न सांगता इस्पितळातून बाहेर नेतो.’

आता ओळ चालू लागली, कारण शेवटी ‘नेतो’ आहे. आतापर्यंत आजोबांवर सगळं कोसळत होतं, इथे ते स्वतः काहीतरी करतात. ‘कोकणातला’ हा शब्द वरवर नुसता तपशील वाटतो, पण तो मी काढणार नाही. शहर, डॉक्टर, कागदपत्रं या सगळ्यांत हा माणूस किती परका आहे, ते त्या एका शब्दात येतं. ‘डोळे भरून’वर मात्र माझी पेन्सिल रेंगाळते. गोडवा आहे त्यात, पण ‘दृष्टी जाणार’ एवढं म्हटल्यावर त्याची गरज नाही. गेलं तरी चालेल.

सामाजिक विषयांवरच्या चित्रपटांत वेगळा घोटाळा होतो. तिथे गोष्टीच्या जागी ‘भाष्य’ येऊन बसतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ला ‘जातवास्तवावरचं भाष्य’ म्हटलं की त्याचा नायक जब्या गायबच होतो. त्याऐवजी म्हणावं: वर्गातल्या मुलीवर जीव जडलेल्या कैकाडी मुलाला तिच्याच डोळ्यांदेखत गावातली डुकरं पकडायला उतरावं लागतं. जात अख्खी त्या वाक्यात आहे, तिचं नाव वेगळं काढायची गरज उरत नाही.

निर्णय ओळीत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, हा सगळ्यांत नाजूक भाग. ‘श्वास’मध्ये आजोबांचं मुलाला बाहेर नेणं सांगितलं तरी बिघडत नाही, त्यानंतरही प्रश्न उरतात. व्ही. शांतारामांच्या ‘पिंजरा’त (1972) तसं करता येणार नाही. त्याची गोष्ट ‘तमाशातल्या बाईच्या नादी लागून बरबाद झालेला मास्तर’ अशी सर्रास सांगितली जाते. ती अर्धीच आहे. गावाच्या लेखी मास्तर मेलाय, त्याला लोकांनी देवपण दिलंय, आणि हा जिवंत मास्तर त्याच मास्तरच्या खुनाचा आरोपी म्हणून उभा आहे. खरं बोलला तर मान वाचते, पण गावानं ज्याच्यावर श्रद्धा ठेवली तो मास्तर कायमचा संपतो. गप्प राहिला तर फाशी. लॉगलाइन इथेच थांबवावी. तो काय करतो, ते पाहण्यासाठीच तर तिकीट काढायचं.