इस्लामपुरच्या वाटेवरील पेट्रोल

नवरात्रास आम्ही सहकुटुंब पुण्याहून इस्लामपुरास जुन्या घरीं जातों. हा प्रघात वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. (२०२५ सालीं राज्य सरकारनें ह्या गांवाचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला, परंतु जिभेस साठ वर्षांचें वळण पडलेलें, तेव्हां वाचकांनीं जुनें नांव गोड मानून घ्यावें.) कऱ्हाड सोडलें, कासेगांव व नेर्लें मागें पडलीं, म्हणजे पेठनाका येतो. तेथें बंगलोरचा हमरस्ता सोडून पूर्वेस वळावयाचें. आणि नेमक्या त्याच वळणावर आमच्या मोटारींत दरसाल वादास तोंड फुटतें. पेट्रोल कोठें भरावयाचें?

आमचा पुतण्या गाडी हांकतो. तो म्हणतो, “काका, हमरस्त्यावरच भरूं या. पंप मोठा, उजेड भरपूर, मुलांनाही पाय मोकळे करतां येतील.” आमचा आग्रह असा कीं, गांवांत शिरावें आणि तेथील सहकारी संस्थेच्या पंपावर थांबावें. ह्या संस्थेचे तालुक्यांत तीनचार पंप आहेत. थाट कांहींच नाहीं. रात्रीं नवानंतर दोरी आडवी बांधतात, आणि हवा भरण्याचें यंत्र गेल्या दोन्ही खेपांस बिघडलेलेंच आढळलें. पण पेट्रोल सोडणारा मनुष्य “शून्य बघा” असें म्हटल्यावांचून नळीस हात लावीत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लहान संस्थेचें तेल निराळें नसतें. तिच्या छपरावर पाटी मोठ्या कंपनीचीच असते, आणि टँकरही तिच्याच आगारांतून येतो. आमचे वडील “बर्मा-शेलचा पंप” म्हणत; ती कंपनी १९७६ सालीं सरकारनें घेतली व पुढें तिचें भारत पेट्रोलियम झालें. एस्सोचें हिंदुस्थान पेट्रोलियम १९७४ सालींच झालें होतें. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोजच्या रोज ठरविण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळें दोन शेजारच्या पंपांत फरक पडलाच तर पैशांचा. इतकेंच कशाला, २०२५ सालीं पेट्रोलांत शेंकडा वीस इथेनॉल मिसळण्यापर्यंत मजल गेली, आणि त्यांतलें कांहीं उंसापासून होतें. वाळवें तालुक्यांतील रस्त्यांवर हंगामांत उंसानें लादलेल्या गाड्यांमागें ज्यानें अर्धा तास काढला आहे, त्यास आपल्या टाकींत काय जातें हें निराळें सांगावयास नको!

मग उरतें काय? लिटरामागें विक्रेत्यास जें कमिशन मिळतें तें कोणाच्या घरीं जातें, आणि माप कोण धरतो, एवढेंच. कोल्हापुरास शेतकरी सहकारी संघ १९३९ सालीं निघाला. खतें विकतां विकतां त्यानें पेट्रोलही विकलें. अशा संस्थेंत गिऱ्हाईक पुष्कळदां सभासदही असतें. तें वार्षिक सभेंत उभें राहून “पंपाचा हिशेब वाचा” असें म्हणूं शकतें. म्हणतेंच असें नाहीं. पण म्हणूं शकतें.

दोन वर्षांपूर्वीं पुतण्याच्या म्हणण्यास मान देऊन आम्ही हमरस्त्यावरील एका पंपावर थांबलों. पस्तीस लिटरांची टाकी, तळाशीं थोडें तेल असतांना, छत्तीस लिटर प्याली! पुतण्या इंजिनियर, त्याचें म्हणणें पडलें कीं, टाकीच्या गळ्यांत आणखी दोन लिटर सहज मावतात. तें खरेंही असेल. म्हणून आम्हीं पांच लिटरांचें माप मागितलें. वजनमापें खात्याच्या शिक्क्याचें असें माप पंपावर ठेवावेंच लागतें, आणि गिऱ्हाइकानें मागितल्यास मोजून दाखवावें लागतें. उत्तर आलें, “माप साहेबांच्या कपाटांत आहे, साहेब जेवावयास गेले आहेत.” उन्हांत वीस मिनिटें थांबून आम्ही निघालों.

तेव्हांपासून आमचें पारडें जड झालें होतें. परंतु यंदां पेठनाक्यावर आमची जीत होत असतांनाच मागच्या आसनावरून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आपल्या पंपाचें माप तुम्ही कधीं मागितलें आहे का हो?”

आम्ही निरुत्तर झालों. पंधरा वर्षांत एकदांही मागितलें नव्हतें. ओळखीच्या माणसाकडे माप मागणें म्हणजे त्याच्यावर चोरीचा आळ घेणें, असें कांहीं तरी मनांत होतें. आणि खरें सांगावयाचें तर, कमी भरलें तर काय करावें ही भीतीही होती.

गांवांतल्या पंपावर पोंचलों. शब्द कसेबसे तोंडावाटे काढले. त्या मनुष्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें. त्याला वाईट वाटलें असावें. पण तो आंत जाऊन माप घेऊन आला, सपाट जागीं ठेवलें, शून्य दाखविलें आणि पांच लिटर सोडलें. पुतण्या गुडघे टेंकून खुणेशीं डोळा लावून बसला. “पंधरा मिलिलिटर कमी,” तो म्हणाला. पंचवीसपर्यंतचा फरक नियमांत बसतो. पंपवाल्यानें स्वतःही वांकून पाहिलें व “मागच्या महिन्यांत दहा होतें, सेक्रेटरींना सांगतों,” असें म्हणून आंतल्या वहींत कांहीं टिपून घेतलें.

मापांतील पेट्रोल टाकींत ओतलें, वर आणखी वीस लिटर घेतलें. हवेचें यंत्र तिसऱ्या खेपेसही बंदच होतें.