काकांची वही

गुरुवारी आमचं गो-लाइव्ह झालं. चाकणचा एक कारखाना, नाव नको.

सॅप बसवायची हल्लीची पद्धत म्हणजे 'अ‍ॅक्टिव्हेट', २०१५ साली आलेली. सार एवढंच की सॉफ्टवेअरमधली तयार प्रक्रिया आधी लोकांना दाखवा, अगदीच जमत नसेल तिथेच बदल करा. वेळ वाचतो, खरंच वाचतो. पण मग सगळ्यांना आणखी वाचवायचा मोह होतो. आमच्याकडे रंगीत तालीम, म्हणजे मॉक कटओव्हर, कापली गेली. मीटिंगमध्ये मीही मान डोलावली.

स्टोअरमधले काका आधीच म्हणाले होते, "साहेब, आमच्याकडे एकाच बोल्टाला तीन नावं आहेत. आधी ते निस्तरा."

"हो काका, बघतो," म्हटलं आणि एक्सेल शीट होती तशी चढवली.

झालं! सिस्टीम म्हणते साठा शून्य, रॅक बोल्टांनी भरलेला. लाइन चार तास बंद. १९९९ साली हर्शीने तीन सिस्टीम एकदम सुरू केल्या, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकून, आणि तेही हॅलोविनच्या तोंडावर. चॉकलेटं असूनही सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी पाठवता आल्या नाहीत. हे मी ट्रेनिंगमध्ये हसत हसत वाचलेलं. असो.

शेवटी काकांनी वही काढली. तिन्ही नावं, रॅक नंबर, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

सोमवारी सकाळी आठला त्यांच्यासोबत पहिल्या रॅकपासून मोजायला बसायचंय. चहा माझ्याकडून.