तुळशीपत्र



आमचं रामबागेतलं घर विकलं, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहेच. आई गेल्यापासून दोन वर्षं ते बंद होतं. दादा पुण्यात, मी इथेच इंदूरला, पण विजयनगरच्या फ्लॅटमध्ये. घेणाऱ्यांनी महिनाभराची मुदत दिली आणि घर रिकामं करण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. त्या महिन्यात जे घडलं ते लिहून ठेवतेय, कारण आज ना उद्या आपल्यातल्या बऱ्याच जणांवर ही वेळ येणार आहे.

घरात काय नव्हतं! सागवानी फडताळ, आठ पाट, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, दोन पुरणयंत्रं, तीन सोरे, दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि स्टीलच्या भांड्यांचा तर डोंगर. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं. कुणाच्या मुंजीत आलेलं, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेलं. आणि आईची पायाची शिलाई मशीन.

दादा फोनवर म्हणाला, “कबाडीवाल्याला बोलाव, एका दिवसात मोकळी हो.” बोलावला. त्याने फडताळाला टकटक केलं आणि म्हणाला, “मॅडम, लकडी का कुछ नहीं आएगा, ले जाने का आप दे देना.” मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

पूर्वी हे प्रश्न आपोआप सुटायचे. जुने कपडे बोहारणीला, जुनी भांडी कामवाल्या बाईला, पलंग-कपाट धाकट्या दिराच्या नव्या संसाराला. आता नात्यात विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, “अगं, आमच्याकडेच ठेवायला जागा नाही.”

मार्ग सुचवला तो भाचीने. ती सिएटलला असते. म्हणाली, “आत्या, इकडे माझ्या बाळाचा पाळणासुद्धा असाच फुकट मिळालाय.” तिनेच सांगितलं की २००३ साली अमेरिकेतल्या टूसॉन शहरात फ्रीसायकल म्हणून एक जाळं सुरू झालं. कचऱ्यात जाणारी धडकी वस्तू ज्याला हवी त्याला फुकट द्यायची, एवढाच त्याचा नियम. मग २०१३ मध्ये तिच्या शहरासमोरच्याच बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी बाय नथिंग नावाचा गट काढला. तिथे विक्री नाही, अदलाबदल नाही, आपापल्या मोहल्ल्यात नुसतं द्यायचं आणि मागायचं. आपल्याकडेही फेसबुक-व्हॉट्सॲपवर असे गट आहेत. मी अशाच एका गटात शिरले आणि पहिला फोटो टाकला, आठ पाटांचा.

दहा मिनिटांत सतरा मेसेज. त्यातले निम्मे, “लास्ट प्राइस क्या है?” अहो, फुकट लिहिलंय ना! एकाने विचारलं, ‘होम डिलिव्हरी होईल का?’ दोघे येतो म्हणून आलेच नाहीत. हळूहळू मीही शहाणी झाले. फोटो उजेडात काढायचा. मोडतोड असेल ती आधीच लिहायची. घराचा पत्ता सगळ्यांसमोर टाकायचा नाही, ज्याला वस्तू द्यायची त्यालाच सांगायचा, आणि दिवसाउजेडी बोलवायचं. पहिला हात वर करणाऱ्याला न देता आधी विचारायचं, “तुम्हाला हे कशासाठी हवंय?”

या एका प्रश्नाने फार छान माणसं भेटली. पाट एका नाचाच्या क्लासवाल्या बाईंनी नेले, छोट्या मुलींना बसवायला. फडताळ एका तरुण जोडप्याने टेंपो करून नेलं. स्टीलची ताटं खरगोनकडून शिकायला आलेल्या चार मुलांनी नेली. त्यातल्या एकाने ताटावरचं नाव वाचून विचारलं, “आंटी, ये कौन हैं?” म्हटलं, माझी आत्या. आता कुठल्यातरी खोलीत ती मुलं आत्याच्या लग्नातल्या ताटात मॅगी खात असतील. आत्या सोवळ्याओवळ्याची कडक होती, पण पोरांना जेवू घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कपडे आणि खेळणी मी महापालिकेच्या आर.आर.आर. केंद्रावर दिली. २०२३ च्या मे महिन्यापासून देशभरच्या शहरांत अशी केंद्रं निघाली आहेत, हे आपल्या इंदूरकरांना सांगायला नको. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात आपण देशाला धडे देतो!

मग आला बंब.

एक मुलगा आला, बोलायला अगदी गोड. “आईला गुडघेदुखी आहे, गावाकडे लाइट जाते, गरम पाण्याला हाच पाहिजे.” मी चिंचेने घासून चकचकीत करून दिला. जाताना तो पायाही पडला. आठ दिवसांनी मैत्रिणीने एका जुन्या वस्तू विकण्याच्या साइटवरचा फोटो पाठवला. आमचाच बंब. नळाजवळचा पोचा मी ओळखला, लहानपणी मीच पाडला होता तो. खाली लिहिलं होतं, ‘ॲंटिक कॉपर, रुपये ६,५००’.

मंडळी, मला रडूच फुटलं. पैशांचं दुःख नव्हतं. मी त्याला लांबलचक मेसेज लिहिला, नको नको ते लिहिलं. पाठवायच्या आधी दादाला फोन लावला, कारण भांडायला आधार हवा होता.

दादाने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोललाच नाही. मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाला, “तुला समोरच्या वाड्यातल्या काकूंचा हंडा आठवतो?”

आठवत होता. मोठा पितळी हंडा. बाबांची मिल बंद पडली त्या वर्षी काकूंनी आणून दिला होता. “आमच्याकडे नळ आलाय, तुमच्याकडे पाणी साठवायला होईल,” म्हणाल्या होत्या. मी तेव्हा सातवी-आठवीत. काही महिन्यांनी तो मोरीतून दिसेनासा झाला. आईला विचारलं तर म्हणाली, “गळत होता, डाग द्यायला टाकलाय.”

“तो गळत नव्हता,” दादा म्हणाला. “आई आणि मी सायकलवर पोत्यात बांधून बर्तन बाजारात घेऊन गेलो होतो. माझी कॉलेजची फी भरायची होती. दुकानदार वजन करत होता आणि आई रस्त्याकडे बघत उभी होती, कुणी ओळखीचं येतंय का म्हणून. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस, धाकटीलाही नको.”

मी विचारलं, “काकूंना कळलं?”

“संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. हात धुवायला मोरीत गेल्या. हंड्याची जागा रिकामी होती, दिसलीच असणार. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चार ब्लाऊजपीस घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘शिवून दे, आणि माझ्या बहिणींनाही सांगते.’ आईची मशीन तिथून सुरू झाली, बाई.”

इंदूरच्या मिल एकेक करून बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरं अशीच चालली. आमचं घर त्या मशीनवर चाललं एवढं मला माहीत होतं. त्याच्या आधीचा हंडा मला माहीत नव्हता. तीसेक वर्षं दादाने ते पोटात ठेवलं होतं.

मी तो मेसेज पुसून टाकला. त्या मुलाची आई खरंच आहे का, तिचे गुडघे दुखतात का, त्याला कसली फी भरायची होती की नुसताच धंदा होता, मला माहीत नाही. लबाडी ती लबाडीच, तिचं कौतुक मी करणार नाही. पण आपण म्हणतो ना, एखाद्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवलं की आपला हक्क संपला. मी बंब दिला खरा, पण तुळशीपत्र ठेवलं नव्हतं. तो माझ्या मनासारखा वापरला जावा, अशी दोरी बांधूनच दिला होता. काकूंनी हंडा दिला तेव्हा दोरी ठेवली नव्हती.

मुदतीला चार दिवस उरले असताना मशीनचा फोटो टाकला. ती मी शेवटपर्यंत लपवून ठेवली होती. पण माझ्या फ्लॅटमध्ये तिच्यावर फक्त फुलदाणी आली असती, आणि आईला ते आवडलं नसतं. या वेळी बारा जणांनी मागितली. बाणगंगेकडून एक मुलगी आली, सोबत तिचा भाऊ. पिको-फॉलचं काम घरून करते म्हणाली. तिने पायटा दाबून पाहिला, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं, आणि म्हणाली, “पट्टा बदलना पडेगा, बाकी मशीन जिंदा है.”

ड्रॉवरमध्ये आईचे बॉबिन, खडू, इंचपट्टी, हुकांची डबी तशीच होती. खडूचा एक तुकडा मी काढून घेतला, बाकी सगळं तिलाच दिलं. ‘विकू नकोस हं,’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. गिळले. ती पाया पडायला वाकली तेव्हा तिला वर उचललं आणि म्हटलं, “अब तुम्हारी है.” भावाने मशीन रिक्षात चढवली. अंगणातल्या तुळशीचं एक पान तोडून मी मशीनच्या फळीवर ठेवलं. तिला वाटलं असेल, मराठी लोकांत अशी काही रीत असते.

खरं सांगू? अजूनही कधी कधी रात्री मी त्या विक्रीच्या साइटवर जाऊन ‘शिलाई मशीन’ शोधते. आजवर ती दिसली नाही. दिसली तर काय करायचं हे मी ठरवलंय. काकूंनी केलं तेच. काही बोलायचं नाही.

आता माझ्याकडे उरलेत दिवाळी अंकांचे तीन गठ्ठे. गटात टाकले तेव्हा एकानेही मागितले नाहीत, कारण लिपी वाचता आली तरी भाषा कुणाची? आपल्यापैकी कुणाला हवे असतील तर सांगा. मी स्वतः आणून देईन. कशासाठी हवेत, तेही विचारणार नाही.