आजच्यापुरती शिदोरी

माझी पत्नी प्रभूकडे गेली त्यास आता सात महिने होत आले. 'काळ हेच औषध', असे पुष्कळांनी सांगितले. खरे असेल, परंतु काळ एकदम येत नाही, तो पहाटेमागून पहाट असा येतो, आणि प्रत्येक पहाटे स्वयंपाकघर मुकेच असते.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडील शेतकरी कांदा बराखीत भरून भावाची वाट पाहतो. धैर्य तसे साठविता येत नाही. एका रविवारी उपासनेत मन अगदी निवांत झाले. दोनच दिवसांनी घोडेगावच्या बाजारात तिच्यासारखाच घासाघीस करणारा आवाज कानी पडला, आणि ती सारी शांती सरली! अरण्यात इस्राएल लोकांस मान्नाही दिवसापुरताच मिळे; उरवून ठेविला की त्यात किडे पडत. (शब्बाथाच्या आदला दिवस तेवढा अपवाद.) ही कथा मी किती वर्षे शिकवीत आलो आहे, तिच्यातील दया मात्र अलीकडे दिसू लागली.

आपल्याच जिल्ह्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. रमाबाई थकलेल्या, कानांनी अधू. तरी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. मधले आठ महिने एकेका वचनाच्या आधारे निघाले असतील, असे मी समजतो.

मी पहाटे एवढेच मागतो की, शेवटची घंटा होईपर्यंत आवाज कापू नये. काल नववीच्या वर्गात तो कापलाच. मुलांनी पुस्तकांत माना घातल्या, आणि एका मुलीने उठून खिडकी लावून घेतली, जणू दोष वाऱ्याचाच होता.