वाढत्या अंगाची गिटार

आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात. या ईदचा कुर्ता पुढच्या ईदलाही यावा, हा हिशेब. म्हणून दहा वर्षांच्या आमच्या मुलीसाठी गिटार घ्यायची ठरली तेव्हा तिच्या दादी म्हणाल्या, "मोठीच घ्या, पुन्हा खर्च नको." (वाजवावी की नाही, हा वाद आधीच मिटला होता. दादींचे माहेर मिरजेचे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडवणारी बरीच घरे आपल्याच समाजातली.) दुकानदाराचेही म्हणणे तेच. मी मात्र पर्समध्ये शिलाईची टेप ठेवली होती.

गिटारी पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा मापांत येतात. शाळेतल्या आमच्या गणिताच्या सरांना हे पटणार नाही, कारण अर्धी गिटार पूर्ण गिटारीच्या निम्मी नसतेच! अडतीस इंची, एक्केचाळीस इंची हे आकडे वाद्याच्या एकूण लांबीचे. बोटांना त्यांचा उपयोग थोडाच. पाहायची ती तारेच्या वाजत्या भागाची लांबी. मानेच्या टोकाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे, कारण बारावा पडदा तारेच्या मध्यावर येतो. पूर्ण गिटारीत ही लांबी साधारण ६५० मिलिमीटर भरते. दुकानातली पाऊण गिटार ५४० भरली.

नवशिक्याची चार बोटे पहिल्या चार पडद्यांत फिरतात. मोठ्या गिटारीत ती जागा १३४ मिलिमीटरची, त्या पाऊण गिटारीत १११ ची. फरक सव्वादोन सेंटिमीटरचा. पण मोठ्या गिटारीवर लेकीची करंगळी पोहोचेना, मनगट वाकडे झाले, आणि पाच मिनिटांत ती म्हणाली, "अम्मी, राहू दे. मला नाही जमणार." कुर्त्याची बाही दुमडता येते, गिटारीची मान कशी दुमडणार?

पेटीची जाडीही पाहावी. ड्रेडनॉट नावाची मोठी गिटार (नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडले) जवळजवळ पाच इंच खोल असते. तिच्यावर हात टाकताना मुलीचा खांदा कानाकडे चढला. पाऊण गिटार मांडीवर येताच खांदा खाली आला, डावा कोपर सैल वाकला. तीच घेतली.

तारा नायलॉनच्या घेतल्या, कोवळ्या बोटांना कमी बोचतात. मात्र अशा गिटारीवर पुढे हौसेने स्टीलच्या तारा चढवू नयेत. त्यांचा ताण जास्त. घोडी उखडून येऊ शकते.