फिरता पाळणा

आमचा पाळणा आजोबांनी भोरच्या एका सुताराकडून करून घेतला होता. सागवानी, खांब कातलेले, वर पितळी कड्या. आधी वडील त्यात झोपले, मग आम्ही भावंडं. त्याच्या कठड्यावर एका जागी बारीक खाचा आहेत. दात येताना प्रत्येक मूल तिथेच चावायचं. तेवढ्या भागावर रंग म्हणून टिकत नाही.

हा पाळणा आमच्याच मालकीचा असं कधी वाटलं नाही, कारण तो घरी फारसा नसायचाच. नात्यात कुणाला दिवस गेले की आईकडे निरोप यायचा. आई पाळणा माळ्यावरून उतरवून त्याला ऊन दाखवायची, सांधे हलवून बघायची, फळीखाली ढेकूण नाहीत ना याची खात्री करायची आणि मगच तो पाठवायची. सोबत जुन्या सुती लुगड्यांची दुपटी. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून पहिलं झबलंही दुसऱ्या लेकराच्या अंगावरचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालायचं, असा आमच्याकडे रिवाज. पाळणा परत यायचा तो नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन. रिकामा कुणी धाडत नसे.

लग्नानंतर आम्ही वारज्यात आलो. 1997 साली गाव पुणे महापालिकेत गेलं होतं आणि शेतांमधून इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या फ्लॅटच्या छताला पाळणा टांगायची सोय नव्हती. माळवाडीतल्या वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घेतला आणि पाळण्याला नात्याबाहेरची वाट सापडली, कारण आता तो पत्र्याच्या खोलीतही उभा राहू शकत होता. माझी मुलगी मोठी झाल्यावर तो आमच्या वॉचमनच्या घरी गेला, तिथून शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीदादांकडे. त्यांनी निखळलेला गज पक्का बसवला. पुढच्या घरी त्याला हिरवा रंग लागला.

सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. 1993 साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून तिनं पुण्यात घरोघरी काम सुरू केलं. जुने कपडे, भांडी, खेळणी, फर्निचर गोळा करण्याच्या मोहिमाही ती घेते. ताईंबरोबर असा ढीग निवडायला बसलं की मन खट्टू होतं. चेन तुटलेली दप्तरं, झाकण नसलेले डबे, न धुतलेल्या चादरी. कुणाला तरी चालेल, म्हणून दिलेल्या. ती चेन बदलायला आपल्याला अर्धा तास नसतो, पण त्या दप्तराचं काय करायचं हे ठरवण्यात ताईंचा वेळ जातो, आणि तो त्यांच्या कमाईचा असतो. अशा वेळी आपण काही दिलेलं नसतं. आपलं ओझं फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेलं असतं.

जपून ठेवल्यानंही वस्तू वाचतेच असं नाही. माळ्यावर कुकरची रिंग कडक होते, गादीतल्या फोमचा भुगा होतो, कपड्यांना घडीवर चिरा जातात. दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवून पुण्यात संग्रहालय उभं केलं. वापरातून गेलेल्या वस्तूंना तिथे मानाची जागा मिळाली. पण जिचा वापर अजून संपलेला नाही, तिची जागा माणसांतच. म्हणून वस्तू चालती असतानाच द्यावी, आणि ती कुणाला हवी आहे ते आधी विचारावं.

सध्या पाळणा शिवणे गावात आहे. त्या घरची सून परवा फोनवर विचारत होती, “काकू, बाळ आता पाळण्यात मावत नाही. कधी आणून देऊ?” मी म्हटलं, “परत आणू नकोस गं. तुझ्या ओळखीत कुणाला हवा असेल त्यांना दे. फक्त देण्याआधी ऊन दाखव आणि सांधे बघून घे.” आईनं आयुष्यभर केलेलं एवढं काम पाळण्याबरोबर पुढच्या घरी गेलं पाहिजे. ते गेलं, तर पाळणा कुणाचा हे विचारायची गरजच उरत नाही.